जबड्याखालचा पांढरा ठिपका : दिसला, ओळखला, पण अर्थ काय?

पीएचडीची तयारी करणारे विद्यार्थी एक प्रश्न हमखास विचारतात : "आता नवीन शोधायला उरलंय तरी काय?" त्यांना मी एका एक्स-रेचा इतिहास सांगते. रोजच्या वापरातला एक्स-रे, हजारो डॉक्टरांनी पाहिलेला. त्याच्या एका कोपऱ्यात काहीतरी दिसत होतं आणि त्याचा अर्थ कुणी विचारला नव्हता. मी भौतिकशास्त्रातून संशोधनाकडे आलेली, दंतवैद्य नाही. त्यामुळे हा लेख उपचाराचा सल्ला म्हणून वाचू नका. एक प्रश्न कसा जन्मतो आणि पुढे कसा वाढत जातो, हे समजून घेण्यासाठी वाचा.

ज्यांची अक्कलदाढ काढली आहे किंवा दातांना तारा लावल्या आहेत, त्यांना ओपीजी माहीत असेल. हनुवटी टेकवून उभं राहायचं, एक छोटी दांडी पुढच्या दातांत धरायची आणि हलायचं नाही. यंत्र डोक्याभोवती फिरतं आणि थोड्याच वेळात या कानापासून त्या कानापर्यंतचा सगळा जबडा एका सपाट चित्रात येतो. डॉक्टर त्यात दात बघतात, आपणही दातच बघतो. पण चित्राच्या खालच्या दोन कोपऱ्यांत, जबड्याच्या कोनाच्या थोडं खाली आणि मागे, कधीकधी एखादा पांढरा ठिपका असतो. तिथे दात नाहीत आणि हाडही नसायला हवं. मग तो ठिपका कशाचा?

आधी चौकट, मग प्रश्न

विल्हेल्म रोंटगेन यांना नोव्हेंबर १८९५ मध्ये एक्स-किरण सापडले आणि डिसेंबरच्या अखेरीस त्यांनी ते जाहीर केले. त्यानंतर काही आठवड्यांतच, जानेवारी १८९६ मध्ये, जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगमध्ये ओटो वाल्कहॉफ या दंतवैद्यांनी स्वतःच्या दातांचा एक्स-रे काढला. काळ्या कागदात गुंडाळलेली काचेची छोटी पट्टी तोंडात धरून ते तब्बल २५ मिनिटं किरणांसमोर बसले. आज आपण एवढ्यात ओला पोहोचलीच नाही म्हणून वैतागतो!

पण त्या पट्टीवर येऊन येऊन येणार काय? तीन-चार दात आणि त्यांच्याभोवतीचं थोडं हाड. पुढची कित्येक दशकं दातांचं चित्रण याच आकारात अडकलं होतं. फिल्म तोंडात मावेल एवढीच, त्यामुळे चित्रही तेवढंच. मानेतल्या मऊ ऊतींमध्ये, म्हणजे स्नायू, ग्रंथी, रक्तवाहिन्या यांच्यात, कॅल्शियम साचलंय का, हा प्रश्न दातांच्या एक्स-रेवरून पडणंच शक्य नव्हतं, कारण तो भाग चौकटीत येतच नव्हता. संशोधनात आपण 'प्रश्न कुठून येतो' यावर खूप बोलतो. बऱ्याचदा तो उपकरणाच्या चौकटीतून येतो.

इथे थोडं भौतिकशास्त्र लागेल. मऊ ऊती मुख्यतः हायड्रोजन, कार्बन, नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या बनलेल्या असतात. ऑक्सिजनचा अणुक्रमांक ८, कॅल्शियमचा २०. निदानासाठी वापरतात त्या ऊर्जेला प्रकाशविद्युत शोषण अणुक्रमांकाच्या साधारण तिसऱ्या घाताने वाढतं. म्हणून मऊ ऊतीत कॅल्शियमचा बारीकसा साठाही किरण अडवतो आणि पांढरा दिसतो. पण याचाच उलटा अर्थही लक्षात ठेवा : ज्या साठ्यात कॅल्शियम नाही, तो या चित्रात जवळजवळ दिसतच नाही. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

ईगल यांचं सुईसारखं हाड

जबड्याच्या आसपास नको तिथे कॅल्शियम साचतं, हे डॉक्टरांना ओपीजीच्या आधीपासून माहीत होतं. कानाच्या खालून, कवटीच्या तळापासून एक सुईसारखं हाड खाली येतं, त्याला स्टायलॉइड म्हणतात. तिथून गळ्यातल्या हायॉइड हाडापर्यंत एक अस्थिबंध जातो. काही जणांत हे हाड लांब वाढतं किंवा त्या अस्थिबंधात कॅल्शियम साचून तो कडक होतो. १९३७ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातले कान-नाक-घसा तज्ज्ञ वॅट ईगल यांनी अशा दोन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. घशात काहीतरी टोचल्यासारखं वाटणं, गिळताना दुखणं, कानापर्यंत कळ जाणं अशी लक्षणं या लांब हाडामुळे असू शकतात, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे या आजाराला त्यांचंच नाव पडलं.

या हाडाची नेहमीची लांबी ईगल यांनी साधारण अडीच सेंटिमीटर धरली होती. पण जसजसे जबड्याचे मोठे एक्स-रे सर्रास निघू लागले, तसतसं लक्षात आलं की लांब स्टायलॉइड असलेली माणसं बरीच आहेत आणि त्यातल्या बहुतेकांना काहीच त्रास नाही. म्हणजे चित्रात दिसणं आणि आजार असणं या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. आज हे वाक्य सोपं वाटतं, पण ते पुन्हा पुन्हा शिकावं लागतं. पुढची गोष्ट त्याचंच मोठं उदाहरण आहे.

यंत्र फिरलं आणि मान चौकटीत आली

जबडा असतो घोड्याच्या नालेसारखा वळलेला आणि फिल्म असते सपाट. समोरून फोटो काढला तर बाजूच्या दाढा एकमेकींवर चढतात, एका बाजूने काढला तर दुसरी बाजू मध्ये येते. जपानमध्ये हिसात्सुगु नुमाता यांनी १९३० च्या दशकात आणि फिनलंडमध्ये यर्यो पाटेरो यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस यावर उपाय शोधला, तो असा : किरण एका अरुंद फटीतून सोडायचे आणि जबड्याच्या वळणाबरोबर तुकड्या-तुकड्याने चित्र घ्यायचं. पाटेरो यांनी हेलसिंकीत ही पद्धत वर्षानुवर्षं सुधारत नेली. सुरुवातीला फिल्म तोंडात होती, नंतर ती बाहेर आली. फिरण्याचा अक्षही जबड्याच्या आकाराप्रमाणे बदलत गेला. त्यातूनच ऑर्थोपँटोमोग्राफ हे यंत्र तयार झालं आणि १९६० च्या दशकात दवाखान्यांत पोहोचलं. आपण बोलताना ज्याला ओपीजी म्हणतो, ते याच नावाचं छोटं रूप.

यातली गंमत समजून घ्या. नळी आणि फिल्म अशा वेगाने फिरतात की जबड्याच्या आकाराचा एक ठरावीक पट्टाच स्पष्ट उमटतो. त्याच्या पुढचं आणि मागचं सगळं पुसट होतं. पाटेरो यांना दात आणि जबडा हवा होता, म्हणून पट्टा तिथे ठेवला. पण चित्राची उंची अशी की खाली मानेचा वरचा भागही आपोआप आला. तो जरा पुसट येतो, कधी दुसऱ्या बाजूच्या हाडाची भुतासारखी सावलीही त्यावर पडते, पण येतो खरा. मान बघायची म्हणून हे यंत्र कुणी बनवलं नव्हतं. मान आयती आली. आणि आयत्या आलेल्या गोष्टीकडे कोण बघतं?

१९८१ : कोपऱ्याकडे कुणीतरी पाहिलं

अमेरिकेत आर्थर फ्रीडलँडर आणि त्यांचे सहकारी लँड यांनी पाहिलं. ५० ते ७५ वयोगटातल्या १,००० पुरुषांचे ओपीजी त्यांनी तपासले. त्यातल्या साधारण २ टक्के चित्रांत, जबड्याच्या कोनाच्या खाली-मागे, मानेच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्याच्या पातळीवर कॅल्शियमचे साठे दिसले. बरोबर याच जागी मेंदूला रक्त नेणारी कॅरोटिड धमनी दोन फाट्यांत विभागते आणि तिच्या भिंतीत चरबी व कॅल्शियमचे थर साचायची सवयीची जागाही हीच. असा थर धमनी अरुंद करतो. त्याचा तुकडा किंवा त्यावरची रक्ताची गुठळी सुटून मेंदूकडे गेली, तर पक्षाघाताचा झटका येतो.

त्यांचा १९८१ चा लेख तोंडाच्या शल्यचिकित्सेच्या एका नियतकालिकात आला. दाढ दाखवायला आलेल्या माणसाच्या एक्स-रेत पक्षाघाताच्या धोक्याची खूण दिसू शकते, हा त्याचा गाभा. नवं यंत्र नव्हतं, नवं रसायन नव्हतं. तसल्या फिल्म आधीच ढिगाने निघालेल्या होत्या. नवा होता तो प्रश्न.

पुढे फ्रीडलँडर यांनी अनेक सहकाऱ्यांबरोबर हाच धागा वर्षानुवर्षं धरून ठेवला. मधुमेह असलेले, झोपेत श्वास अडकणारे, मानेला किरणोपचार घेतलेले, पाळी थांबलेल्या स्त्रिया, अशा वेगवेगळ्या गटांत हे ठिपके किती दिसतात, याचे अभ्यास आले. एका निरीक्षणातून संशोधनाचा आख्खा कार्यक्रम कसा उभा राहतो, ते शिकायचं असेल तर हे लेख काळाच्या क्रमाने वाचून बघा.

ठिपका कशाचा? आरोपी बरेच आहेत

आता पहिली अडचण. मानेच्या त्या भागात कॅल्शियम साचणाऱ्या जागा एक-दोन नाहीत.

कंठमण्याच्या वर, हायॉइड आणि थायरॉइड कूर्चेच्या मधल्या पडद्यात, एक चिमुकली कूर्चा असते. तिचं लॅटिन नावच गव्हाच्या दाण्यावरून पडलंय. वयाप्रमाणे तिच्यात कॅल्शियम साचतं आणि तो अगदी निरुपद्रवी बदल आहे. पण ओपीजीत हा गव्हाचा दाणा धमनीतल्या साठ्याच्या इतक्या जवळ येतो की भले भले फसतात. थायरॉइड कूर्चेचं वरचं शिंग आणि हायॉइड हाडाचं टोकही तिथेच.

जबड्याखालच्या लाळग्रंथीत खडा होऊ शकतो. लाळग्रंथींतले बहुतेक खडे याच ग्रंथीत होतात. तो सहसा लांबट-गोल असतो, कधी थराथराचा दिसतो, आणि जेवताना सूज येते ही त्याची ओळखीची तक्रार. टॉन्सिलमधले खडे जबड्याच्या उभ्या हाडावर बारीक ठिपक्यांसारखे उमटतात. शिरेतल्या खड्यात कांद्यासारखी वलयं दिसू शकतात. आणि जुन्या क्षयरोगाने सुजून गेलेल्या लसिकाग्रंथी, म्हणजे आपल्याकडे ज्याला गंडमाळ म्हणतात त्या, बऱ्या होताना कॅल्शियमने भरतात आणि फुलकोबीच्या तुऱ्यासारख्या खडबडीत दिसतात. आपल्या देशात क्षयरोग किती आहे हे लक्षात घेतलं, तर परदेशी पाठ्यपुस्तकात शेवटच्या ओळीत असलेली ही शक्यता आपल्याला वर घ्यावी लागेल.

म्हणजे 'दिसलं' आणि 'ओळखलं' यांत अंतर आहे. ओपीजी हे सपाट चित्र, खोली त्यात हरवते. १९९० च्या दशकात कोन बीम सीटी आलं. इटलीतल्या पिएरो मोझो आणि सहकाऱ्यांनी दंतचित्रणासाठीच्या अशा यंत्राची माहिती १९९८ मध्ये प्रसिद्ध केली. त्यात तिन्ही मिती असल्याने साठा धमनीच्या जागी आहे की कूर्चेत, हे सांगणं बरंच सोपं झालं. पण धमनी आतून किती अरुंद झाली आहे हे तेही सांगत नाही, कारण रक्त आणि आजूबाजूच्या मऊ ऊती त्यात वेगळ्या ओळखू येत नाहीत. त्यासाठी डॉपलर सोनोग्राफीकडेच जावं लागतं.

ओळखलं. मग पुढे?

दुसरी अडचण जास्त खोल आहे. समजा, ठिपका धमनीतलाच आहे. रुग्णाला त्याचा उपयोग काय?

काळाचा क्रम बघा. धमनी उघडून आतला थर काढायची शस्त्रक्रिया १९५० च्या दशकापासून होत होती. पण झटक्याची लक्षणं येऊन गेलेल्या आणि धमनी ७० टक्के किंवा जास्त अरुंद असलेल्या रुग्णांना तिचा फायदा होतो, याचा भक्कम पुरावा उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीतून १९९१ मध्ये आला. लक्षणं नसलेल्यांसाठीची मोठी चाचणी १९९५ ची. तिच्यात पाच वर्षांतल्या झटक्याचा अंदाजे धोका शस्त्रक्रियेने ११ टक्क्यांवरून ५.१ टक्क्यांवर आला. म्हणजे १९८१ मध्ये ठिपका दिसला, तेव्हा पुढे काय करायचं याचं पक्कं उत्तर वैद्यकाकडेच नव्हतं. निरीक्षण पुरावा येण्याच्या दहा-चौदा वर्षं आधी येऊन थांबलं होतं.

उत्तर आल्यावरही गोष्ट सरळ झाली नाही. औषधं सुधारली, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलवरचे उपचार बदलले, आणि शस्त्रक्रियेचे स्वतःचे धोके असतातच. अमेरिकेतल्या प्रतिबंधक उपचारांवरच्या तज्ज्ञगटाने २००७, २०१४ आणि २०२१ अशी तीनदा शिफारस केली की लक्षणं नसलेल्या सर्वसाधारण प्रौढांची कॅरोटिड अरुंद झाली आहे का, याची सरसकट तपासणी करू नका. कारण फायद्यापेक्षा नुकसान जास्त होण्याची शक्यता.

नुकसान कसं, ते एका काल्पनिक हिशेबाने पाहू. समजा, १,००० माणसं आहेत आणि त्यातल्या २० जणांची धमनी खरोखर अरुंद आहे. समजा, ओपीजीतला ठिपका अशांपैकी ६० टक्क्यांत दिसतो, आणि निरोगी माणसांपैकी फक्त ५ टक्क्यांत चुकून दिसतो. मग २० पैकी १२ जण सापडले, ८ सुटले. उरलेल्या ९८० पैकी ४९ जणांतही ठिपका निघाला. एकूण ठिपके ६१, त्यात खरे १२. म्हणजे ठिपका दिसलेल्या पाचपैकी चार जणांची धमनी ठीकच आहे. त्यांच्या वाट्याला काळजी, खर्च आणि पुढच्या तपासण्या. आणि ते ८ जण? "ओपीजीत काही नाही" म्हणून निर्धास्त. वर सांगितलं होतं ना, कॅल्शियम नसलेला मऊ थर या चित्रात दिसतच नाही.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. स्वीडनमधल्या उमेआ विद्यापीठाच्या गटाने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास वाचा. ओपीजीत ठिपका असलेल्या ११७ जणांची त्यांनी सोनोग्राफी केली. ८ जणांची धमनी लक्षणीय अरुंद निघाली, म्हणजे साधारण ७ टक्के, आणि ते आठही पुरुष होते. मला या अभ्यासात सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट वेगळीच : किती टक्के सापडले तर या तपासणीत अर्थ आहे असं म्हणायचं, ती ५ टक्क्यांची रेषा त्यांनी आधीच आखून ठेवली होती. सगळ्यांचे आकडे एकत्र धरले तेव्हा ती रेषा संख्याशास्त्राच्या कसोटीवर ओलांडली गेली नाही, आणि त्यांनी तसं स्पष्ट लिहिलं. निकाल हातात आल्यावर रेषा सरकवायचा मोह किती असतो, हे ज्यांनी रात्री दोन वाजता स्वतःच्या आकड्यांकडे टक लावून पाहिलंय त्यांना सांगायला नको.

मग ठिपका निरुपयोगी आहे का? नाही. सरसकट तपासणी वेगळी आणि दुसऱ्या कारणासाठी काढलेल्या चित्रात सहज काही दिसणं वेगळं. ठिपका शोधायला म्हणून कुणाचा ओपीजी काढू नये. पण दाढेसाठी काढलेल्या चित्रात तो दिसला, तर दंतवैद्याने गप्पही बसू नये. त्या माणसाचा रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, तंबाखू-सिगारेट याकडे कधी कुणी लक्ष दिलंय का, हे विचारायचं आणि फिजिशियनकडे पाठवायचं. शस्त्रक्रियेचं तिकीट म्हणून ठिपक्याची किंमत कमी आहे. पण जो माणूस वर्षानुवर्षं कुठल्याच डॉक्टरकडे गेला नाही आणि फक्त दाढ ठणकली म्हणून आला, त्याला वेळेवर बीपी तपासायला लावणारी चिठ्ठी म्हणून ती मोठी असू शकते.

तुमच्या वहीसाठी

आता हे ठिपके संगणकाला शिकवून आपोआप शोधायचं काम जोरात चालू आहे. तुमच्यापैकी काही जण कदाचित त्यातच विषय घेतील. घ्या, पण संगणकाला 'हे बरोबर' म्हणून जी उत्तरं देणार, ती कुणी ठरवली? दोन तज्ज्ञांनी फक्त ओपीजी बघून खुणा केल्या असतील, तर तुमचं मॉडेल फार तर त्या दोघांइतकं चांगलं होईल, गव्हाच्या दाण्याला धमनी म्हणण्याच्या त्यांच्या सवयीसकट. तज्ज्ञांचं एकमेकांशी किती जुळतं हे मोजायला जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये दिलेला कप्पा आहेच. पण दोघांचं जुळलं म्हणजे दोघं बरोबर, असं कप्पा म्हणत नाही. खरं-खोटं ठरवायला दुसरी, स्वतंत्र तपासणी लागते.

म्हणून कुठलाही विषय हातात घेतला की चार प्रश्न एका कागदावर वेगवेगळे लिहा. चित्रात काही दिसतं का? ते नेमकं काय आहे? त्याचा आजाराशी संबंध काय? आणि ते कळल्याने माणसाचं काही भलं होतं का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की चौथ्याचंही मिळालं, असं समजून लिहिलेले प्रबंध तुम्हाला पुष्कळ सापडतील. या ठिपक्याने पहिल्या प्रश्नाचं उत्तर १९८१ मध्ये दिलं. दुसऱ्याचं बरंचसं आलंय, तिसऱ्याचं अर्धं-मुर्धं. चौथ्यावर अजून वाद चालू आहे.

तेव्हा शोधायला उरलंय का, तर भरपूर उरलंय. तुमचा विषय या चारपैकी कुठल्या प्रश्नाचं उत्तर देतोय, तेवढं पहिल्या पानावर प्रामाणिकपणे लिहा. आणि डेटा हातात आला की मधल्या दातांकडे बघून झाल्यावर एकदा कोपऱ्यांकडेही बघा.